पाठ उन्हात, मुळं मातीत
(प्रस्तावना)

सासूबाई पहिल्यांदा न्यू जर्सीला आल्या तो एप्रिलचा दुसरा आठवडा होता. बर्फ गेलेला, पण हवेतली बोच तशीच. अंगावर शाल, पायांत माझे मोठे बूट, अशा त्या रोज सकाळी चहा झाला की मागच्या अंगणात फेरी मारायच्या. झाडापेडांची त्यांना चांगली पारख. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुंपणालगतच्या वाफ्यापाशी त्या थांबल्या. तिथे वीतभर उंचीची, तलवारीच्या पात्यांसारखी पानं पंख्यासारखी उघडली होती. त्यांनी वाकून एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं आणि मला हाक मारली, "अगं, हे वेखंड लावलंयस ना? मग वास कसा नाही याला?"

ते वेखंड नव्हतं, आयरिस होतं. पण त्यांची शंकाही रास्त होती आणि त्यांनी केलेली परीक्षाही. पान चुरडून बघणं हाच या दोघांतला फरक ओळखायचा सगळ्यात खात्रीचा उपाय. वेखंडाचं पान चुरडलं की उग्र गोडसर वास येतो, आयरिसच्या पानाला नुसता हिरवा. शिवाय वेखंडाच्या पानाला एका बाजूला सरकलेली ठळक शीर असते, आयरिसचं पान सपाट.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की ही गफलत फार जुनी आहे आणि मोठ्या माणसांच्या नावावर आहे. युरोपात तळ्याकाठी उगवणाऱ्या पिवळ्या आयरिसला लिनिअसने १७५३ साली नाव दिलं 'आयरिस सूडअ‍ॅकोरस'. अ‍ॅकोरस म्हणजे वेखंड, तेव्हा हे झालं 'खोटं वेखंड'. जपानात वेखंडाला 'शोबू' म्हणतात. ५ मे रोजी, मुलांच्या सणाला, त्याची पानं अंघोळीच्या कढत पाण्यात टाकायची तिथे रीत आहे. आणि जूनमध्ये तिथल्या बागांमधून जे आयरिस फुलतं त्याचं नाव 'हानाशोबू', म्हणजे फुलणारं वेखंड. स्वीडनमधला शास्त्रज्ञ, जपानमधले बागवान आणि आमच्या सासूबाई, तिघांनीही पानं पाहिली आणि तिघांच्या मनात एकच गोष्ट आली.

हे पुस्तक लिहायचं बीज त्या सकाळी पडलं. इंग्रजीत आयरिसवर उत्तम पुस्तकं आहेत, मी त्यांच्याकडूनच शिकले. पण ती वाचताना सतत वाटायचं, की यातलं निम्मं मला आधीच माहीत आहे, फक्त दुसऱ्या झाडांच्या नावाने. जमिनीखाली आडवं वाढणारं खोड कसं असतं हे हळदीने शिकवलं होतं. एकदा फुललेलं खोड पुन्हा फुलत नाही, पिल्लं फुलतात, हे केळीने. वाळलेल्या मुळाचा सुगंध घरात कसा वापरतात हे वेखंडाने. मराठी माणसाला आयरिस परकं वाटायचं कारण नाही. त्याला फक्त एक सवय सोडावी लागते, आणि ती सोडणं मला किती जड गेलं ते आधी सांगते.

आम्ही हे घर घेतलं १९९८ साली. शेजारच्या घरात सत्तरी उलटलेल्या एक बाई एकट्या राहायच्या. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी किराणा दुकानाच्या खाकी पिशवीतून मला सात-आठ गड्डे आणून दिले. आल्यासारखे वेडेवाकडे, मातकट, वर सहा इंचांवर तिरकी कापलेली पानं. फार खोल पुरू नकोस, एवढंच त्या म्हणाल्या. माझं बालपण रत्नागिरीजवळच्या परसात गेलेलं. मला वाटलं, गड्डे लावणं मला कुणी शिकवायला नको. हळद लावतात तसे चार बोटं खोल लावले, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं आणि रोज संध्याकाळी न चुकता पाणी दिलं. ऑक्टोबरात एका पंख्याला हात लावला तर तो सगळाच्या सगळा हातात आला. खाली पिवळट लगदा आणि त्याला असा वास, की हात दोनदा धुऊनही जाईना. एकही गड्डा वाचला नाही.

मी बाईंना काहीच सांगितलं नाही, पण कुंपणावरून त्यांना दिसतच होतं. पुढच्या उन्हाळ्याअखेर त्या दुसरी पिशवी घेऊन आल्या, आणि या वेळी गुडघे टेकून एक गड्डा त्यांनी स्वतः लावला. आधी मातीचा छोटा उंचवटा केला. त्यावर गड्डा ठेवला, घोड्यावर खोगीर ठेवावं तसा. मुळं दोन्ही उतारांवर पसरली. मग मुळांवरच तेवढी माती ओढून दाबून घेतली. गड्ड्याची पाठ उघडीच राहिली. मी माती पुढे ओढायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. पाणी एकदा घातलं आणि झारी उचलून घरी घेऊन गेल्या. माझीच झारी. ती त्यांनी दहा दिवसांनी परत दिली.

म्हैस डबक्यात बसते तेव्हा अंग पाण्यात आणि पाठ वर असते. आयरिसचा गड्डा तसा बसायला हवा. उन्हाने ती पाठ तापली पाहिजे, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्यांची तयारी त्या उन्हात होते. आपल्याकडे झाडावर माया करायची म्हणजे पाणी घालायचं. दाढीवाल्या आयरिसच्या बाबतीत तीच माया घातक ठरते. त्याचे पूर्वज भूमध्य समुद्राभोवतालच्या खडकाळ उतारांवर वाढलेले. हिवाळ्यात थंडी, वसंतात थोडा ओलावा आणि मग कोरडाठाक उन्हाळा, हे त्यांचं वर्ष. गड्डा म्हणजे त्या कोरड्या दिवसांसाठी भरून ठेवलेली कणगी. भरलेल्या कणगीत पाणी शिरलं तर काय होतं ते शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही.

लागवडीचं बाकीचं शास्त्र सोपं आहे आणि पुस्तकात ते सविस्तर आलंच आहे. दिवसाचे निदान सहा तास ऊन, पाण्याचा निचरा, दोन गड्ड्यांत फूट-दीड फूट अंतर, नत्र कमी असलेलं खत, आणि लावायची वेळ जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. दर तीन-चार वर्षांनी बेट सोडवायचं. हे शेवटचं मात्र लोक टाळतात आणि मग फुलं का येत नाहीत म्हणून विचारतात. ते का करायचं हे समजायला हळदीचा जेठा गड्डा आठवावा. मधे जेठा, त्याच्या अंगाला हळकुंडं. आयरिसचा जो गड्डा यंदा फुलला तो केळीच्या खोडासारखा संपला. त्यातून पुन्हा दांडा येणार नाही. त्याच्या दोन्ही अंगांना जी पिल्लं फुटतात ती पुढच्या एक-दोन वर्षांत फुलतात. बेट जुनं झालं की मधे संपलेल्या गड्ड्यांची दाटी होते आणि पिल्लांना पाठ टेकायला जागा उरत नाही. बेट उपटायचं, जेठे काढून टाकायचे, बाहेरची तजेलदार पिल्लं तेवढी ठेवायची. पहिल्यांदा हात धजत नाही. पण मी केळीच्या बागेचं उदाहरण दिलं की आमच्या मंडळातल्या बायकांना ते लगेच पटतं, आणि कोयता कुठे मिळेल असं त्या विचारतात.

आता फुलाबद्दल. इथे वाचकाने थोडा वेळ द्यावा अशी माझी विनंती आहे, कारण आयरिसचं फूल लांबून जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट ते जवळून आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी आठच्या सुमारास एखाद्या फुलापुढे स्टूल घेऊन बसा. तीन पाकळ्या वर उभ्या, एकमेकींना टेकलेल्या, ओंजळीसारख्या. तीन पाकळ्या बाहेरून खाली ओघळलेल्या, जिभेसारख्या रुंद. या ओघळत्या पाकळ्यांच्या मध्यावर केसांची एक जाड रेघ, पिवळी किंवा शेंदरी. तीच ती 'दाढी', जिच्यामुळे या गटाला दाढीवालं आयरिस म्हणतात. बहुतेकजण इथेच थांबतात. पण दाढी जिथे आत शिरते तिथे वरून आणखी एक, पाकळीसारखाच दिसणारा, टोकाला दुभंगलेला पट्टा छपरासारखा वाकलेला असतो. असे तीन पट्टे. त्या पाकळ्या नव्हेत. ते कुक्षीवृंताचे फाटे आहेत, फुलाच्या मादी अंगाचा भाग.

इथे केशर आठवावं. केशर आणि आयरिस एकाच कुळातले, आपल्याकडच्या बाजारात मिळणारा ग्लॅडिओलसही त्याच कुळातला. केशराच्या फुलातून ज्या तीन लाल काड्या आपण काढून दुधात घालतो तेच तीन फाटे आयरिसमध्ये रुंद होऊन, रंग घेऊन, छप्पर झाले आहेत.

आता भुंगा येऊ द्या. केसाळ, जड, थोडा गोंधळ घालणारा. तो ओघळत्या पाकळीवर उतरतो आणि दाढीच्या रेघेवरून आत चालू लागतो. वर छप्पर, खाली दाढी, मधे जेमतेम त्याच्या अंगाएवढी वाट. छपराच्या खालच्या अंगाला, तोंडाशीच, एक पातळ ओठासारखी पट्टी असते. परागकण टिपणारा भाग तेवढाच. भुंगा आत शिरताना त्याच्या पाठीवरचे, दुसऱ्या फुलातून आणलेले कण त्या ओठावर घासले जातात. मग तो आणखी आत जातो आणि छपराच्या पोटाशी लपलेला परागकोश त्याच्या पाठीवर नवे कण सांडतो. तळातला मध पिऊन तो मागे सरतो तेव्हा तो ओठ त्याच्या पाठीच्या रेट्याने वर, छपरालाच दाबून मिटतो, आणि याच फुलाचे कण याच फुलाला लागत नाहीत. मग तो शेजारच्या वाटेने शिरतो. तिथे पुन्हा तीच रचना. आपण ज्याला एक फूल म्हणतो ती भुंग्याच्या लेखी तीन वेगवेगळी घरं आहेत.

हे मला कळलं तेव्हा मी सात-आठ वर्षं आयरिस वाढवत होते आणि तोवर ते नुसतं बघत होते, पाहिलं नव्हतं. प्रत्येक फूल दोन-तीन दिवस टिकतं. एका दांड्यावर सात ते नऊ कळ्या, म्हणजे दांड्यामागे पंधरवडा मिळाला तरी खूप. एवढ्या थोडक्या दिवसांसाठी ही सगळी बांधणी.

फुलाचे भाग ओळखण्याबाबत एक प्रसंग सांगते. माझा भाचा पुण्याचा, संगणकातला इंजिनिअर. कामानिमित्त काही महिने इकडे होता. वाफ्यात फुलं पाहून म्हणाला, "मावशी, आयरिस म्हणजे तो डेटासेट ना?" मला काहीच कळेना. मग त्याने सांगितलं, की विदाविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात आयरिसच्या १५० फुलांची मापं देतात. तीन जाती, प्रत्येकीची ५० फुलं, आणि मापांवरून जात ओळखायची. ही मापं १९३६ साली रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने आपल्या निबंधात वापरली, पण फुलं मोजली होती एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने. कॅनडाच्या गॅस्पे द्वीपकल्पावर एकाच कुरणात वाढणाऱ्या दोन जाती त्याने मोजल्या आणि तिसरी दुसरीकडची घेतली. पुण्याबंगळुरातल्या हजारो मुलांना ते आकडे पाठ आहेत. भाच्यालाही होते. पण त्याला एक गोष्ट कॉलेजपासून खटकत होती. "त्यात सेपल पेटलपेक्षा मोठी आहे. सेपल म्हणजे कळीखालची हिरवी पानंच ना? ती पाकळीपेक्षा मोठी कशी?"

अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पावसाचं पाणी साठतं तिथे, माझ्याकडे 'आयरिस व्हर्सिकलर' आहे. इकडचं देशी, निळं, बिनदाढीचं, ओल सोसणारं. त्या तीन जातींतलंच एक. मी त्याला तिथे नेलं आणि फूल हातात दिलं. ओघळती पाकळी म्हणजे सेपल, मराठीत निदल. उभी असते ती खरी पाकळी. आयरिसमध्ये निदलांनीच पाकळ्यांचं काम हाती घेतलंय, भुंग्याला उतरायला ओटा तीच देतात. त्याने माझ्या शिवणाच्या डब्यातली फूटपट्टी आणून मोजलं. निदल साडेपाच सेंटिमीटर, पाकळी चार. तो बराच वेळ ते फूल हातात धरून उभा होता. त्या तिघांतली 'सेटोसा' तर याहून नवलाची. तिची उभी पाकळी इतकी आक्रसलेली असते, की केसासारखी म्हणूनच तिला ते नाव पडलं.

आयरिसच्या सुमारे ३०० जाती निसर्गात आहेत, सगळ्या उत्तर गोलार्धातल्या. आपल्या हिमालयातही आहेत. एप्रिलअखेर काश्मीरला जाणारी मराठी मंडळी ट्युलिपची बाग पाहून परततात. त्यांनी रस्त्याकडेच्या जुन्या कबरस्तानांकडेही नजर टाकावी. तिथे कबरींवर पांढरी आणि जांभळी आयरिस मुद्दाम लावलेली असतात, पिढ्यान्‌पिढ्या. कुणी पाणी घालत नाही, कुणी खत देत नाही, आणि ती दर वर्षी फुलतात. माझ्या मते आयरिसची लागवड शिकायला याहून चांगली शाळा नाही.

बागेतलं आजचं भलंमोठं आयरिस मात्र माणसाने घडवलेलं आहे, आणि फार पूर्वी नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातली बागेतली आयरिस लहान फुलांची, २४ गुणसूत्रांची होती. केंब्रिजमधले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी आशिया मायनरमधल्या ओळखीच्या लोकांना पत्रं धाडून तिकडचे गड्डे मागवले. ते फुलले तेव्हा फुलं कितीतरी मोठी निघाली. त्यांच्यात गुणसूत्रं दुप्पट होती, ४८, हे नंतर कळलं. आज बागांमधलं जवळजवळ प्रत्येक उंच दाढीवालं आयरिस याच थोरल्या घराण्यातलं आहे. फॉस्टर १९०७ साली गेले. त्यांच्या टिपणांचा आधार घेत विल्यम डाइक्स या शाळामास्तरांनी १९१३ साली 'द जीनस आयरिस' हा ग्रंथ लिहिला. त्यांच्याच नावाचं पदक आयरिसच्या दुनियेत सर्वांत मानाचं समजतात. दिवसाची नोकरी सांभाळून संध्याकाळी वाफ्यात राबणारी ही माणसं. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

रंगांबद्दल एवढंच, की पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं. फक्त जास्वंदीचा लाल मिळत नाही. लाल म्हणून विकतात ते विटकरी किंवा तांबूस जांभळं असतं. जाहिरातीत जास्वंदी लाल आयरिस दिसलं तर पैसे देऊ नका.

माझ्यासारखं न्यू जर्सीत राहत असाल तर अप्पर माँटक्लेअरमधली प्रेस्बी आयरिस बाग मेच्या उत्तरार्धात एकदा तरी पाहाच. फ्रँक प्रेस्बी हे गावातले आयरिसवेडे गृहस्थ. आपली आयरिस गावाला द्यायचं त्यांच्या मनात होतं, पण त्याआधीच, १९२४ साली, ते वारले. गावकऱ्यांनी त्यांच्या स्मरणार्थ १९२७ साली ही बाग उभी केली. शेजारीच राहणाऱ्या बार्बरा वॉल्थर या बाईंनी तिची सुमारे पन्नास वर्षं निगा राखली. प्रत्येक बेटापुढे पाटी आहे आणि पाटीवर नाव आणि साल. जुन्यातलं जुनं आणि नव्यातलं नवं एका फेरीत पाहता येतं, आणि दीडशे वर्षांत पाकळी कशी रुंद होत गेली, तिला झालर कशी आली, हे कुठलंही पुस्तक दाखवू शकणार नाही तसं डोळ्यांपुढे येतं. झालरीचा अतिरेक झालाय असं माझं मत आहे. जुन्या फुलाचा आकार वाऱ्यात उभा राहायला घडलेला होता. आजची काही फुलं पहिल्याच सरीत माना टाकतात.

पुन्हा वेखंडाकडे येते. सासूबाईंनी नातवाला वेखंड उगाळून लावलेलं मी पाहिलंय. युरोपात दात येणाऱ्या बाळांना चघळायला आयरिसचं वाळवलेलं मूळ देत, आणि त्याची पूड कपड्यांत नि पावडरींत घालत. त्याला ओरिस म्हणतात. इटलीत फ्लॉरेन्सच्या आसपास 'आयरिस पॅलिडा' याच्यासाठी लावतात. तिसऱ्या वर्षी गड्डे खणायचे, हाताने सोलायचे, वाळवायचे आणि मग तीन-तीन, पाच-पाच वर्षं ठेवून द्यायचे. ताज्या गड्ड्याला तो सुगंध नसतो. साठवणीत, हवेशी हळूहळू होणाऱ्या क्रियेतून तो तयार होतो, व्हायोलेट फुलासारखा. अत्तराच्या धंद्यात त्याची किंमत चढी असते ती या वर्षांची. युनानी वैद्यकात आयरिसच्या मुळाला 'इरसा' म्हणतात. हे सगळं खरं असलं तरी अंगणातला गड्डा कुणी घरी उगाळू नये. ताज्या गड्ड्याचा रस कातडीला झोंबतो, पोटात गेला तर उलट्या होतात. लहान मुलं आणि कुत्री यांना त्यापासून दूर ठेवा.

शत्रूंची गोष्ट थोडक्यात. अमेरिकेच्या पूर्व भागात एक पतंग आयरिसच्या सुकल्या पानांवर शरद ऋतूत अंडी घालतो. एप्रिलमध्ये अळी निघते, पान कुरतडत आत शिरते आणि जुलैपर्यंत गड्ड्यात पोचते. तोवर ती बोटाएवढी, गुलाबीसर झालेली असते. तिने केलेल्या भोकातून कुजवणारे जिवाणू शिरतात आणि मग तोच वास, ज्याने माझा पहिला वाफा नेला. औषधं आहेत, पण मी वापरत नाही. थँक्सगिव्हिंगनंतर सगळी जुनी पानं काढून कचऱ्यात टाकते आणि मेमध्ये पानावर पाणावलेली रेघ दिसली की ती अंगठ्याने खालपासून वर चेपत नेते. आतली अळी चेपल्याचं बोटाला कळतं. कुजका गड्डा चमच्याने पांढऱ्या टणक भागापर्यंत खरवडून दोन दिवस उन्हात उघडा ठेवला तर बहुधा वाचतो.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांशी स्पष्ट बोलायला हवं. दर मेमध्ये मी फोटो पाठवले की पुण्यानाशकाहून विचारणा येते, येताना गड्डे आणशील का. एक तर परवानगीशिवाय गड्डे विमानातून नेणं योग्य नाही. दुसरं, नेऊनही उपयोग नाही. दाढीवाल्या आयरिसला फुलायला कित्येक आठवडे कडक थंडी लागते आणि त्यावर आपला पावसाळा म्हणजे त्याला चार महिने डबक्यात बसवणं. पानं येतील, एखादं वर्ष ते जगेलही. फुलाचा भरवसा नाही. फोटो दाखवून कुणी विकत असेल तर फसू नका.

पण या कुळाची हौस भागवायला इलाज आहे. आफ्रिकन आयरिस, म्हणजे डायेटिस, कुंडीत किंवा वाफ्यात उष्ण हवेत छान होतं. पांढरी, मधे पिवळी-जांभळी फुलं वर्षातून अनेकदा येतात. वॉकिंग आयरिस सावलीत होतं. फूल एकच दिवस टिकतं, पण दांड्याच्या टोकाला नवं रोप धरतं, दांडा त्याच्या वजनाने वाकतो आणि रोप जमिनीला टेकून रुजतं, म्हणून ते 'चालणारं'. ही दोन्ही कुळातली, पण आयरिस नव्हेत. खरं आयरिस हवंच असेल तर शेंदरी, लाल ठिपक्यांचं 'आयरिस डोमेस्टिका' लावावं. त्याला पूर्वी बेलामकँडा म्हणत, २००५ साली शास्त्रज्ञांनी आयरिसमध्ये घेतलं. ते उन्हाळा सोसतं. फळ उकललं की आत काळ्याभोर बियांचा घोस दिसतो. या तिघांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते मी कुणाची समजूत काढायला लिहिलेलं नाही. ती झाडं स्वतःच्या बळावर सुंदर आहेत.

एक राहिलं. शेजारच्या बाई २००९ साली गेल्या. घर विकलं गेलं, नव्या मालकांनी वाफा काढून हिरवळ केली. त्यांचं ते जांभळं आयरिस, द्राक्षांच्या गोड वासाचं, आता फक्त माझ्या कुंपणालगत आहे. त्यांना ते त्यांच्या आईकडून मिळालं होतं. त्याचं नाव मी त्यांना कधी विचारलं नाही. तेव्हा मला वाटायचं, फुलाला नाव कशाला हवं. प्रेस्बी बागेत पाट्या वाचत मी दोन वसंत त्याचा शोध घेतला. दोन-तीन बेटांपाशी थांबले, पण वास जुळला तर रंग जुळेना आणि रंग जुळला तर उंची.

ऑगस्टमध्ये तुमच्या आसपास कुणी ना कुणी बेट सोडवत असेलच. ज्याच्याकडे आयरिस असतं त्याच्याकडे ते नेहमी जास्तच असतं. संकोच न करता दोन पिल्लं मागा, पाठ उघडी ठेवून लावा, पाणी बेताने द्या. आणि पिशवी हातात घेताना नाव विचारून पानावरच पेनाने लिहून घ्या.